मजुरी आमची, मत्ता कोणाची?

मंदीत सरकारने तिजोरी उघडावी, लोकांच्या हाती पैसा द्यावा, म्हणजे बाजार हलतो, हा विचार केन्सच्या १९३६ च्या ग्रंथानंतर जगभर मान्यता पावला. मराठवाड्याने तो खडी फोडून अनुभवला. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमीला त्यातून बळ मिळाले. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. नोकरदारांच्या पगारातून कापलेला व्यवसाय कर त्यासाठी वापरला गेला.

'खड्डे खणा नि बुजवा' अशी या योजनेची टवाळी करणारे पांढरपेशे टीकाकार एक गोष्ट सोयीने विसरतात. माझी आजी तेव्हा परंड्याच्या बाजूला खडीवर होती. बलुत्याची भाकर मागून मिळे. मस्टरवरची मजुरी अंगठा उठवून, रोख, आणि पाटलाच्या वाड्याबाहेर मिळाली. हा फरक अर्थशास्त्राच्या कोणत्या रकान्यात बसवणार? तो पैसा आठवडी बाजारात ज्वारी-मिठावर लगेच खर्चही झाला, कारण उपाशी माणसाकडे रुपया मुक्कामाला थांबत नाही. इथवर केन्स खरा ठरला.

खरी टीका पुढे सुरू व्हायला हवी. काम संपले, मजूर घरी गेले, पाझर तलाव मागे राहिला. त्याचे पाणी झिरपून खालच्या अंगाच्या विहिरींना लागते. आणि विहीर ज्याची जमीन त्याची. जिने डोक्यावर माती वाहिली त्या भूमिहीन बाईच्या वाट्याला त्याच पाण्यावरच्या उसाचा कोयता आला. सरकारी अहवाल याला 'उत्पादक मत्ता' म्हणतात. मोठा लबाड शब्दप्रयोग आहे हा! त्यात षष्ठी विभक्तीच नाही. १९९० मध्ये फळबागा हमीला जोडल्या गेल्या, पण सातबारा नसलेल्याने झाड लावायचे कुठे?

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेतजमीन राज्याच्या मालकीची करून, जात न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला देण्याची मागणी केली होती. हमीने काम दिले, मालकीला हात लावला नाही.

१९७२ च्याच दुष्काळातून पुरंदर तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांची पाणी पंचायत उभी राहिली. तिने पाण्याचा हिशेब एकरावर न करता माणशी केला, भूमिहीनांचाही हक्क मानला आणि उसाला बंदी घातली. रोजगार हमीच्या कायद्यात कामाचा हक्क लिहिला गेला. पाण्यातला हा हिस्सा लिहिला गेला नाही.