जसंच्या तसं

मराठी सुगम संगीताच्या मैफलीत हल्ली पहिली टाळी गायकाला मिळतच नाही. ती मिळते कीबोर्डवाल्याला. मूळ ध्वनिमुद्रिकेतला बासरीचा तुकडा तो सुरू करतो, दोन सुरांत गाणं ओळखू येतं आणि पुढच्या रांगांत माना डोलू लागतात. एखादा सूर इकडचा तिकडे झाला, तर त्याच रांगांत कुजबुज. मध्यंतरात चहाच्या रांगेत गायिकेचं कौतुक होतं तेही ‘अगदी जसंच्या तसं गायली हो!’ असं.

आपल्या उमेदीच्या काळातली गाणी आवडणं यात गैर काही नाही. हॉलब्रुक आणि शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्येच दाखवलं होतं, की माणसाला सर्वाधिक भावतात ती तो साधारण तेवीस-चोवीस वर्षांचा असतानाची गाणी. पण २०१३ मधला क्रमहान्सल आणि झुपनिक यांचा अभ्यास जास्त बोलका आहे. विशीतल्या मुलांना आईवडिलांच्या तारुण्यातली गाणीही जवळची वाटतात, असं त्यात आढळलं. घरात जे वाजतं ते मुरतं. २००८-०९ च्या ‘लिटिल चॅम्प्स’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेनं आपल्याला हेच दाखवलं: शाळकरी पोरं खळे-हृदयनाथांच्या चाली गात होती आणि घराघरांत डोळे पुसले जात होते. त्या मुलांची तयारी अस्सल होती. नक्कल हा शिकण्याचा पहिला टप्पा असतोच. आपण टाळ्या वाजवून त्यांना तिथंच थांबवू पाहिलं, ही माझी तक्रार आहे.

आणि ज्यांची नक्कल चालते, ते तरी कुठं जसंच्या तसं गात होते? गीतरामायण घ्या. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, तेव्हा माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, गजानन वाटवे असे निरनिराळे आवाज त्यात होते. पुढं सुधीर फडक्यांनी व्यासपीठावर पेटी पुढ्यात घेऊन सगळी गीतं एकट्यानं गायली, आणि लोकांच्या कानात बसलं ते हेच रूप. मुळाला धरून राहण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी केली नाही. आज कुणी तरुण गायक त्यातल्या एखाद्या गीताची लय थोडी सैल करून बघेल, तर त्याची धडगत नाही.

त्या छप्पन्न गीतांबद्दल आणखी एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. ती आठवड्याला एक या हिशेबानं, वर्षभर, अगदी नवी कोरी ऐकवली गेली. माडगूळकरांचं गीत यायचं, फडके चाल बांधायचे, प्रसारणाची वेळ टळत नसे. म्हणजे ज्याच्या आठवणीनं आपण आज गहिवरतो, तो काळ नव्या गाण्याची वाट बघणारा होता! भावगीतं रुजली ती नुसती चांगली होती म्हणून नव्हे. रेडिओनं ती पुन्हा पुन्हा कानांवर घातली, ‘आपली आवड’ या फर्माईशींच्या कार्यक्रमासाठी श्रोत्यांनी पोस्टकार्डं खरडली. दहाव्यांदा ऐकल्यावर आवडेल अशा गाण्याला दहा वेळा वाजण्याची सोय होती.

ती सोय आज सिनेमाकडे आहे. अजय-अतुल यांचं ‘सैराट’ २०१६ मध्ये गावोगावच्या वरातींपर्यंत पोचलं, तेव्हा मराठी कान मेलेत असं कुणी म्हणू नये. रोडावलंय ते सिनेमाबाहेरचं, कवितेतून निघालेलं गाणं. नव्या चालीवर पैसे लावण्यापेक्षा जुना साठा विकणं बिनधोक. सारेगामानं २०१७ मध्ये पाच हजार जुनी हिंदी गाणी भरलेला, रेडिओसारखा दिसणारा ‘कारवाँ’ आणला तो काही उगाच नव्हे. (आमच्या ओळखीतल्या निम्म्या आजी-आजोबांना तो वाढदिवसाला मिळाला असेल.) आयोजकांचं गणितही तेच. पन्नाशीपुढचा श्रोता तिकीट काढतो, तेव्हा त्याला चालेल तेच गा.

याला एक ठळक अपवाद झाला. २००३ मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी ‘आयुष्यावर बोलू काही’ घेऊन उभे राहिले तेव्हा गाणी त्यांचीच होती, नवी होती, आणि तरीही नाट्यगृहं भरली. आता त्या कार्यक्रमालाही वीस वर्षं उलटली आहेत. कॉलेजात असताना तो ऐकलेले लोक आता मुलांना घेऊन येतात आणि फर्माईश करतात ती तेव्हाच्याच गाण्यांची.