वगळलेलं बिऱ्हाड

लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या 'द लाँग विंटर' (१९४०) या कादंबरीतली हिमवादळं मला पहिल्या वाचनानंतर फारशी आठवत नव्हती. आठवत होतं ते कॉफी दळायचं एक छोटं यंत्र.

काळ १८८०-८१ च्या हिवाळ्याचा. अमेरिकेतल्या डकोटा प्रदेशातलं डी स्मेट हे नुकतंच वसलेलं गाव. जानेवारीत रेल्वे बंद पडते, ती मे महिन्यापर्यंत येत नाही. कोळसा संपतो, पीठ संपतं, रॉकेल संपतं. मग जो काही गहू हाती असेल तो कॉफीच्या यंत्रात दळायचा, आणि वाळलेल्या गवताला पीळ देऊन केलेल्या काठ्या शेगडीत सारायच्या. एक काठी विझायच्या आत दुसरी तयार हवी. गवतानं लॉराचे हात कापतात. आंधळी मेरी यंत्र धरून दळत बसते. आई चिंधीत गुंडाळलेलं बटण गाडीच्या वंगणात ठेवून दिवा करते. वडील फिडल काढतात, पण गारठलेली बोटं तारांवर वळत नाहीत.

या प्रकरणांत जवळजवळ काहीच घडत नाही, आणि तीच त्यांची ताकद आहे. तेच दळण, तेच गवत, तेच वादळ. जात्यावर बसलं की ओवी सुचते असं आपण म्हणतो. इथं दळणाऱ्याला काही सुचेनासंच होतं. लॉराचं डोकं हळूहळू बधिर होत जातं आणि ती बधिरता वाक्यांत उतरते. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात कंटाळा इतक्या धीरानं लिहिलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

पुढे २०१४ साली वाइल्डर यांचं मूळ आत्मकथन, 'पायोनियर गर्ल', सटीप छापलं गेलं. त्यातून कळलं की त्या हिवाळ्यात इंगल्स कुटुंब एकटं नव्हतं. एक तरुण जोडपं त्यांच्याकडेच राहत होतं. त्यांचं मूलही त्याच घरात जन्मलं. नवरा आयतोबा: ऊब आणि जेवण यांत पुढे, कामात मागे. वाइल्डर यांचा त्याच्यावरचा राग पन्नास वर्षांनी लिहितानाही निवळलेला नाही. कादंबरीत मात्र हे बिऱ्हाडच नाही. बाईंनी ते जाणूनबुजून वगळलं.

कलेच्या दृष्टीनं निर्णय बरोबर होता, हे मला मान्य करावं लागतं. भिंतीपलीकडे वादळ आणि अलीकडे एकजीव कुटुंब, ही रचना आयतोबा आला असता तर टिकली नसती. पण भूक वाटून घेण्यातला खरा पेच वादळाशी नसतोच. तो शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाशी असतो. हा पेच बाईंना लिहिता येत नव्हता असंही नाही. वाइल्डर भावांच्या घरातले प्रसंग पाहा. गाव उपाशी असताना दोघे भाऊ पॅनकेक खातात. अल्मान्झोनं बियाण्याचा गहू खोट्या भिंतीआड दडवलेला असतो. लॉराचे वडील येतात, भिंतीतलं बूच काढतात आणि गव्हाची धार बादलीत घेतात. संकोच, हक्क, लाज सगळं त्या धारेत आहे. आणि हा अल्मान्झो म्हणजे लेखिकेचा पुढे झालेला नवरा! त्याच्याबद्दल इतकं अवघडलेलं लिहिता आलं, आयतोबाबद्दल नाही.

मला त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोची चुटपुट लागते. परक्या घरात, तान्हं मूल पदरात, आणि नवरा असा. काठ्या वळताना इतरांच्या नजरा तिला दिसत नसतील का? नवऱ्याच्या दोषापायी ती आणि तिचं बाळही पुस्तकातून गेलं.

हे मी तिऱ्हाइतासारखं लिहू शकत नाही. काही वर्षांपूर्वी मी आजोळच्या घरावर एक लेख लिहिला होता. माजघर, चूल, आजी, सगळं होतं त्यात. आजोबांकडे आश्रयाला येऊन राहिलेला, कुणालाच नकोसा झालेला एक दूरचा नातेवाईक आणि त्याची बायको तेवढी नव्हती. लेखाचं कौतुक झालं. रोजच्या भाकऱ्या त्याची बायको थापायची.