घड्याळ घेऊन बुडी मारावी का?

ॲपल कंपनीच्या 'वॉच अल्ट्रा' (२०२२) या घड्याळाची पाणीरोधक क्षमता १०० मीटर सांगितली जाते. स्कूबा डायव्हिंगसाठी मात्र कंपनीच ४० मीटरची मर्यादा घालते. पहिला आकडा घड्याळाच्या कवचाचा, दुसरा वापराचा. जाहिरातीत मोठा आकडाच नजरेत भरतो, हा पहिला आक्षेप.

दुसरा अधिक गंभीर आहे. समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे १ वातावरणाने वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात अधिक विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकते. घड्याळातील मूळ 'डेप्थ' ॲप खोली, वेळ व तापमान दाखवते. नायट्रोजनचा हिशेब करत नाही. त्यासाठी 'ओशॅनिक+' सारखे ॲप हवे. ते ब्यूलमान यांचे गणित वापरते. अनेक खास डाइव्ह कॉम्प्युटरही तेच वापरतात. म्हणजे हिशेबात घड्याळ उणे नाही.

फरक भरवशाचा आहे. खास यंत्र एकाच कामासाठी असते आणि काहींची बॅटरी आपल्यालाच बदलता येते. घड्याळ दिवसभर इतर कामांत खर्ची पडते. उथळ पाण्यात अधूनमधून उतरणाऱ्याला घड्याळ पुरेल. ४० मीटरखाली जाणाऱ्या प्रशिक्षित पाणबुड्याने खास यंत्रच घ्यावे.

या हिशेबासाठी दोन्ही यंत्रे मोजतात ते मुख्यतः दाब आणि वेळ. शरीरातला नायट्रोजन हे अनुमान असते. मोजमाप आणि अनुमान यांतला हा भेद विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.