नुसता गेम कशाला?

नुसता व्हिडिओ गेम कशाला घेता, कॉम्प्युटरच घ्या ना! 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कमोडोर व्हिक-20च्या जाहिरातीत 'स्टार ट्रेक'वाला विल्यम शॅटनर हेच सांगायचा. यावरून 'पालकांनी शिक्षणासाठी कॉम्प्युटर घेतले' असं प्रबंधात लिहायचा मोह होईल. आवरा. (मी लिहिलं होतं, गाईडनी लाल रेघ मारली.) जाहिरातीतून विकणाऱ्याची इच्छा कळते, घेणाऱ्याचा वापर नाही. त्यापेक्षा खोक्यात काय नव्हतं ते बघा. कॅसेट रेकॉर्डर वेगळा विकत घ्यावा लागे. तो नसेल तर टाइप केलेला प्रोग्राम मशीन बंद करताच गायब! गेमचं कार्ट्रिज मात्र खोचलं की सुरू. मग पहिल्या संध्याकाळी त्या घरात काय चाललं असेल? आणि 1983 मध्ये जुना गेम कन्सोल दिला की कमोडोर-64वर 100 डॉलर सूट मिळायची, हे कुणासाठी?