बाबासाहेबांचे आजारपण आणि आपली समीक्षा

‘दुर्धर आजारावर इच्छाशक्तीने मात करून बाबासाहेबांनी “बुद्ध आणि त्यांचा धम्म” लिहिला,’ हे वाक्य माझे विद्यार्थी दरवर्षी उत्तरपत्रिकेत लिहितात. दोष त्यांचा नाही. भाबड्या चरित्रलेखनाचा आणि त्याला प्रश्न न विचारणाऱ्या आपल्या समीक्षेचा आहे. मधुमेहावर बाबासाहेबांनी मात केली नव्हती. तो शेवटपर्यंत सोबत होता. जीवनाचे प्रयोजनही आजाराने दिलेले नाही. धर्मांतराची घोषणा येवल्यात १९३५ सालीच झाली होती. आजाराने दिली असेल तर ती घाई.

आणि बाबासाहेब स्वतः काय म्हणतात? या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी डॉ. सविता आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आहे. १९५७ साली ग्रंथ निघाला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. आज ती उपलब्ध आहे. तरी आपल्याला इच्छाशक्तीची दंतकथाच प्रिय!

इन्शुलिन न परवडणाऱ्या वस्तीतल्या हमालाला ही दंतकथा ऐकवली, की त्याच्या पदरी एकच दोष पडतो : तूच मनाने कमी पडलास. कर्मसिद्धांताने आमच्या माथी मारला तो दोष याहून वेगळा कुठे होता?

ती प्रस्तावना मी आता वर्गात वाचून दाखवतो.