मेंढ्यांची वाट आणि आपला सिनॉप्सिस

भटक्या समाजांवर संशोधन करायचं ठरलं की सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास येतं: ‘आधुनिकीकरणामुळे या समाजाचं पारंपरिक जीवन नष्ट होत आहे.’ वाक्य खोटं वाटत नाही, म्हणून त्यावर कोणी लाल खूण करत नाही. पण पारंपरिक म्हणजे कोणत्या काळातलं? नष्ट नेमकं काय होतंय? कोणाच्या निर्णयाने? धनगरांवरचं दोन प्रकारचं लिखाण घेऊन आणि मावळातलं शिरगाव समोर ठेवून हे तपासून पाहू.

पहिलं लिखाण माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचं. १९८२ मध्ये ‘ह्यूमन इकॉलॉजी’ या नियतकालिकात त्यांचा गवळी धनगरांवरचा निबंध आला. त्याचा पहिला उपयोग असा की ‘धनगर’ हा एकच गठ्ठा सुटतो. सह्याद्रीच्या भरपूर पावसाच्या डोंगरमाथ्यावर म्हशी-गाई पाळणारे ते गवळी धनगर. पठाराच्या कोरड्या भागात मेंढ्या घेऊन फिरणारे ते हटकर. खोऱ्यात शेती करणारा कुणबी आणि माथ्यावरचा गवळी यांच्यात लोणी आणि धान्याची देवघेव. प्रत्येकाचा कोनाडा वेगळा, म्हणून साधनांवरून भांडणं कमी, असा या मांडणीचा रोख आहे.

आता ही मांडणी घेऊन शिरगावात या. सोमाटणे फाट्याजवळचं, ‘प्रति शिर्डी’ म्हणून ओळखलं जाणारं हे गाव. देशावरचे काही मेंढपाळ दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात आणि पाऊस लागायच्या आत परततात, कारण ओल्या जमिनीत दख्खनी मेंढीचे खूर सडतात. मावळ हा या वाटेवरचा पट्टा आहे. वाटेत रिकाम्या शेतात वाघर लावून मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. कोनाड्यांच्या भाषेत हे छान बसतं.

पण इथेच मांडणी तोकडी पडते. शेतकऱ्याने दुसरं पीक घेतलं, गोणीतलं खत आणलं, किंवा शेत विकून तिथे प्लॉट पडले आणि तारेचं कुंपण आलं, तर ‘नको’ म्हणायची मुभा कोणाला आहे? जमीनमालकाला. मेंढपाळाकडे वाटेचा सातबारा नसतो. देवघेव दोन्ही बाजूंच्या सोयीची असली, तरी ती मोडायचा अधिकार एकाच बाजूला होता. कोनाडा हा शब्द ही असमानता झाकतो. २००२ मध्ये पूर्ण सुरू झालेल्या पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर तर पायी चालायलाच मनाई आहे. तो वाट कापतो, तेव्हा कळप कुठून पार करायचा हे मेंढपाळाला दरवेळी शोधावं लागतं.

दुसरं लिखाण गुंथर सोन्थायमर यांचं. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा, इंग्रजी भाषांतर १९८९ चं. धनगरी ओव्या आणि कथा त्यांनी इतिहासाचा पुरावा म्हणून वाचल्या. पुरंदरमधल्या वीरचा म्हस्कोबा हा सोनारीहून कमळाजी धनगरासाठी आला, अशी कथा आहे. म्हणजे देवसुद्धा चालत येतो आणि मग एका जागी बसतो. स्थिर होणं हा बदल मोटारींबरोबर आलेला नाही, हे यातून कळतं. आपल्या सिनॉप्सिसमधलं ‘पारंपरिक’ इथेच डळमळतं.

मर्यादा अशी की कथा दावा सांगते, तो मान्य झाला का हे सांगत नाही. बोरघाटातल्या शिंग्रोबाचं उदाहरण घ्या. घाटातली वाट इंग्रजांना या धनगराने दाखवली आणि त्याला बक्षीस म्हणून गोळी मिळाली, असं लोक सांगतात. एवढ्यावरून घटना सिद्ध होत नाही. पण घाटाचं ज्ञान आधी आमचं होतं, हा हक्क त्यात मांडलेला आहे. तो हक्क कागदावर आला का, हे पाहायला गायरानाच्या नोंदी, वनखात्याचे नियम, ग्रामपंचायतीचे ठराव वाचावे लागतील.

आणखी एक सापळा म्हणजे सरकारी वर्ग. महाराष्ट्रात धनगर ‘भटक्या जमाती (क)’ मध्ये येतात, आरक्षण ३.५ टक्के. पण पुण्यात नोकरी करणारा आणि वाघर खांद्यावर घेऊन चालणारा, दोघंही त्याच वर्गात असतात. दाखल्यावरून नमुना निवडलात तर कोण फिरतं याबद्दल काहीच कळणार नाही.

हे सगळं का महत्त्वाचं? ‘ही जीवनपद्धती संपतेच आहे’ असं आपण लिहिलं की गायरान दुसऱ्या कामाला द्यायला एक अभ्यासू आधार मिळतो. संपणाऱ्यासाठी चराई कशाला राखायची, असं कोणीही विचारेल. उलट, लोकरीला भाव राहिला नाही तेव्हा अनेकांनी मटणासाठी माडग्याळ मेंढीकडे मोर्चा वळवला. हा हिशेब करून घेतलेला निर्णय आहे. तो आपल्या वाक्यात मावत नाही.

तेव्हा सिनॉप्सिसमधलं ते वाक्य खोडा आणि त्याजागी प्रश्न लिहा: यंदा वाडा कोणत्या वाटेने गेला, गेल्या वर्षीची कोणती वाट सोडली, ‘नको’ कोण म्हणालं, बिऱ्हाड घोड्यावर लादणाऱ्या बाईचं त्यावर काय मत होतं? यातल्या एका प्रश्नाचं नीट उत्तर मिळालं तरी एक प्रकरण उभं राहतं.