क्रियापद कुठे गेलं?

‘नाउन फ्रेज ओळखा, प्रिपोझिशनल फ्रेज अधोरेखित करा.’ इंग्रजीच्या पेपरातला हा प्रश्न अनेकांना कोरडा वाटतो. मला तो वाचनाचाच प्रश्न वाटतो. पटत नसेल तर डिकन्सच्या ‘ब्लीक हाउस’चं (१८५२-५३) पहिलं पान उघडा.

पहिलं वाक्य एकाच शब्दाचं आहे: शहराचं नाव. नुसती नाउन फ्रेज. पुढे चिखल येतो, धूर येतो, मग धुकं. ते कुठे आहे? थेम्सच्या वरच्या अंगाला, खालच्या अंगाला, एसेक्सच्या दलदलीत, केंटच्या टेकड्यांवर, म्हाताऱ्या पेन्शनरांच्या घशात, कप्तानाच्या पाइपात. एकामागून एक प्रिपोझिशनल फ्रेज. हालचाल दिसते ती ‘इंग’वाल्या पार्टिसिपल फ्रेजमधून. उपवाक्यांत क्रियापदं आहेत, पण तीन परिच्छेद मुख्य वाक्याला ते मिळतच नाही.

आपलं शालेय व्याकरण इथे कामाला येतं. ‘बसला’ हे क्रियापद, ‘बसलेला’ हे धातुसाधित. पहिल्याने वाक्य पुरं होतं, दुसऱ्याने होत नाही. डिकन्सचा लॉर्ड चॅन्सेलर सुरुवातीला असाच धातुसाधितात अडकलेला आहे. चौथ्या परिच्छेदात आपण त्याच्या कोर्टाजवळ पोचतो, तेव्हा कुठे तो खऱ्या क्रियापदानिशी बसतो. आणि ते क्रियापद तरी कसलं? बसण्याचं! कोर्ट काही करत नाही, फक्त बसतं.

कादंबरीचा विषयही हाच आहे. जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा खटला पिढ्यान्‌पिढ्या चालतो. माणसं त्यात जन्मतात, लग्नं करतात, मरतात. शेवटी निकाल लागत नाही. सगळी इस्टेट खर्चात संपते म्हणून खटला संपतो. पुरं न होणाऱ्या न्यायाची गोष्ट पुरी न होणाऱ्या वाक्यांनी सुरू होते. फ्रेज ओळखल्याशिवाय हे नुसतं ‘सुंदर वातावरणनिर्मिती’ म्हणून हातातून निसटतं.

मराठी अनुवादकाची अडचणही इथेच आहे. ‘हे माझं घर’, ‘बाहेर पाऊस’ ही आपली रोजची वाक्यं. क्रियापद नसलं तरी आपल्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. त्यामुळे शब्दाला शब्द ठेवला, तर डिकन्सचं अधांतरीपण मराठीत साधं बोलणं होऊन जातं. ते टिकवायचं तर ‘साचलेला’, ‘पसरत चाललेलं’ अशी धातुसाधितं लटकत ठेवावी लागतील, वाचक ‘पुढे काय?’ म्हणेपर्यंत.

म्हणून फ्रेजखाली रेघ मारून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: इथे क्रियापद नसल्याने कोणाचं काय अडलंय?